पुन्हा सुरू झालंय. रात्री घरी राहून दिवसभराचे उपचार मिळतात का?

पुन्हा_पहिल्यापासून

ठाण्यात राहते, वय ३९, बँकेत नोकरी. मी दारूची पेशंट आहे. एवढं लिहायला आज अख्खी दुपार लागली, कारण दोन महिने मी स्वतःची समजूत घालत होते की एकदाच पाय घसरला.

२०२३ च्या जूनमध्ये पुण्याला ३५ दिवस राहून उपचार घेतले. तेव्हापासून २२ महिने एक थेंब नाही. एप्रिलमध्ये बाबांचं डोंबिवलीचं घर रिकामं करायला गेले. भाऊ येणार होता, त्याला काम निघालं. कपाटात बाबांच्या स्वेटरमागे रमची बाटली होती, तळाला चार बोटं उरलेली. खोकला झाला की दोन चमचे घ्यायचे ते. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास, वीज तोडलेली, खाली भंगारवाला टेम्पो घेऊन थांबलेला. झाकण उघडलं तेव्हा मी रडत नव्हते, चिडलेही नव्हते. काहीच वाटत नव्हतं. भंगारवाल्याने तिसऱ्यांदा दार वाजवलं तोवर बाटली संपली होती.

आता रोजचं झालंय. संध्याकाळी स्टेशनवर उतरते, क्वार्टर घेते, घरी आल्यावर माळ्यावरच्या फिरकीच्या तांब्यात ओतून ठेवते. मागच्या आठवड्यात मुलाच्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. तो म्हणाला, आई, पणजीचा फिरकीचा तांब्या नेऊ का? मी त्याच्यावर केवढी ओरडले! चौथीत आहे तो. काही न बोलता अडकित्ता घेऊन गेला.

रविवारी आपली आपण बंद करून पाहिली. सोमवारी सकाळी मुलाच्या कपात दूध ओतताना निम्मं ओट्यावर सांडलं, इतका हात थरथरत होता. सासूबाईंनी फडकं आणून पुसलं. संध्याकाळी मी परत घेतली.

नवरा चाकणला असतो, शुक्रवारी रात्री येतो. सासूबाई ७४ वर्षांच्या. पुन्हा ३५ दिवस मुलाला सोडून जायला मन धजत नाही. मागच्या वेळी तो शाळेत सांगायचा की आई ट्रेनिंगला गेलीय. ते आम्हीच त्याला शिकवलं होतं.

मला असं काही हवंय की सकाळी जायचं, दिवसभर गट, समुपदेशन, औषधं, आणि संध्याकाळी घरी. आठवड्यातून पाच दिवस, ठरलेल्या वेळा, आले नाही तर फोन करणारं कुणीतरी. आठवड्यातून एक तास समुपदेशकाकडे बसून माझं भागणार नाही, एवढं मला माझं कळतं. वैद्यकीय रजा २४ दिवस शिल्लक आहे. एका केंद्रात फोन केला तर पलीकडून विचारलं, पेशंट तुमचे कोण लागतात? मी म्हटलं, मीच. तर म्हणाले, बायकांची आमच्याकडे सोय नाही, आणि फोन ठेवला.

असे उपचार कुणी घेतलेत का? डॉक्टरांना काय काय विचारू?

नाना_सातारा

ताई, मनावर घेतलं की सगळं सुटतं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या. देवाचं नाव घ्या आणि उद्यापासून बंद.

वॉर्डातली_ताई

नाना, तुमची कळकळ समजते, पण उद्यापासून बंद हा सल्ला हिच्यासाठी धोक्याचा आहे. आणि मुलाची शपथ नकोच. उद्या परत घेतली गेली तर त्या पोरावर काहीतरी ओढवेल या भीतीने बाई आणखी पिते. हे मी वॉर्डात पाहिलंय.

मी मनोविकार विभागात समाजसेविका आहे, सोळा वर्षं. पुन्हा_पहिल्यापासून, तुमचं दूध सांडलं तिथे मी थांबले. हात थरथरणं म्हणजे शरीराला सवय लागली आहे. अशा वेळी एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी मनोविकारतज्ज्ञ, मग बाकीचं. रोज किती, कधीपासून, शेवटची कधी घेतली, पूर्वी कधी आकडी आली होती का, हे खरं खरं सांगा. इथे आकडा कमी करून सांगायचा नाही, औषधाची मात्रा त्यावर ठरते. त्रास कमी असेल आणि घरात लक्ष ठेवणारं माणूस असेल तर काही दिवस मात्रा उतरवत घरीही औषध देतात. नाहीतर पाच-सात दिवस दाखल व्हावं लागेल. पाच-सात दिवस म्हणजे ३५ नव्हेत, त्याला नाही म्हणू नका. बी-१ जीवनसत्त्वही देतील, ते टाळू नका.

दिवसाच्या उपचारांना आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डे-केअर म्हणतात. पण पाटीवर जाऊ नका. कुठे डे-केअर म्हणजे दिवसभर टीव्हीसमोर बसवणं असतं. विचारा की दिवसात गट किती तास, गट कोण घेतं, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा बघतात, गटात बायका किती, घरच्यांसाठी बैठक असते का, आणि गैरहजर राहिले तर कोण फोन करतं. हे शेवटचं तुम्ही स्वतःच लिहिलंय, ते सोडू नका.

त्या माणसाने तसा फोन ठेवला याचं वाईट वाटलं. २०१९ च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात पुरुषांपैकी २७.३ टक्के आणि बायकांपैकी १.६ टक्के दारू पिणारे निघाले. संख्या कमी, म्हणून सोयी कमी, आणि सोयी नाहीत म्हणून बायका घरात लपून पितात. तरी सोडू नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन मोफत. तुमच्या भागात बायकांसाठी काय आहे ते विचारा. मन फारच खचलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो.

पैशांचं एक सांगते. आरोग्य विम्यात दारूच्या उपचारांचा खर्च बहुतेक वगळलेला असतो, पॉलिसी आधी वाचा. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार बाह्यरुग्ण विभागात खर्च फारसा येत नाही. रांग असते, म्हणून सकाळी लवकर पोचा.

एक_दिवस_परळ

मी सात वर्षं सोबर आहे, एए मधून, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट. त्याआधी तीन वेळा स्लिप झाली, म्हणजे परत प्यायलो. तिसऱ्यांदा माझ्याकडे रजाही नव्हती आणि पैसेही नव्हते, तेव्हा माझ्या स्पॉन्सरने, म्हणजे एए मधल्या जुन्या सोबत्याने, मला ९० दिवसांत ९० मीटिंगा करायला लावल्या. परळ, दादर, माटुंगा, पाऊस असला तरी. फी नसते, टोपी फिरते त्यात जमेल ते टाकायचं. दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

मीटिंग म्हणजे औषध नव्हे, ताईंनी डॉक्टरांचं सांगितलंय ते पहिलं. पण डे-केअर चार-पाच वाजता सुटेल आणि तुमची प्यायची वेळ तिथूनच सुरू होते. स्टेशन ते घर हा रस्ता भरून काढा. मी तर दुकान टाळायला दुसऱ्या पुलावरून उतरायचो, बारा मिनिटं जास्त चालावं लागायचं. ती बारा मिनिटं स्पॉन्सरशी फोनवर बोलण्यात जायची. तो फारसं काही सांगायचा नाही, आमटीत काय घातलंय ते सांगायचा.

बाईसाठी स्पॉन्सर बाईच बघा. फक्त बायकांच्या मीटिंगाही असतात, ऑनलाइनही आहेत.

आणि तांब्या आज रिकामा करा. स्वतः नको, कुणाच्यातरी हाताने.

सांगलीकर_७९

माझ्या बायकोची गोष्ट अशीच, म्हणून लिहितोय. तिने दिवसाचे उपचार दोन महिने घेतले. डॉक्टरांनी डायसल्फिरामची गोळी सुचवली होती. ही गोळी चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे धोका राहतो. खोकल्याच्या औषधातलं अल्कोहोलसुद्धा चालत नाही. माझी आई म्हणाली, भाजीत घालून देऊ, तिला कळणार नाही. मी थोडा काळ तयारही झालो होतो. डॉक्टरांनी मला समोर बसवून झापलं. पेशंटला न सांगता ही गोळी देणं म्हणजे जिवाशी खेळ. पुढे तिने स्वतः मागून घेतली, रोज सकाळी चहाबरोबर माझ्यासमोर.

तुमच्या नवऱ्याला चाकणहून मधल्या वारी एकदा तरी यायला सांगा, घरच्यांच्या बैठकीला. मी पहिल्या तीन बैठकांना गेलो नव्हतो. ऑफिसचं कारण सांगितलं. खरं म्हणजे लाज वाटत होती.

पुन्हा_पहिल्यापासून

अकरा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं.

त्याच रात्री सासूबाईंना सांगितलं. त्यांना माहीत होतं. तांब्याचं सुद्धा. माळ्यावर चढता येत नाही म्हणून त्या काही करू शकल्या नव्हत्या, नाहीतर केव्हाच ओतला असता म्हणाल्या. मी स्टूल धरलं, शेजारच्या वहिनींनी काढून दिला, सासूबाईंनी मोरीत ओतला आणि चिंच लावून घासला.

सरकारी रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी खरा आकडा विचारला, मी खरा सांगितला. सहा दिवस दाखल करून घेतलं. या वेळी मुलाला ट्रेनिंग सांगितलं नाही. आईला दारूचा आजार आहे, ती दवाखान्यात आहे, असं नवऱ्याने सांगितलं. त्याने विचारलं म्हणे, डोंबिवलीच्या आजोबांसारखी मरणार का? नवऱ्याने त्याला तिसऱ्या दिवशी भेटायला आणलं. माझ्या हातावरची सलाईनची पट्टी बघून त्याने विचारलं, दुखतं का? मी म्हटलं, थोडं.

आता सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार दहा ते चार डे-केअर. गटात नऊ जण, त्यात बायका दोन, मी आणि एक शिक्षिका. पाच दिवस मिळाले नाहीत, पण चौथ्या दिवशी मला पोचायला वीस मिनिटं उशीर झाला तर समाजसेविकेचा फोन आला होता. रजा संपल्यावर बँकेतून हे कसं जमवायचं ते अजून कळत नाही. दादा, तुमच्यासारखीच मीही दुसऱ्या पुलावरून उतरते.

बुधवारी गट नसतो आणि नवराही नसतो. बुधवारी संध्याकाळी ठाणे किंवा मुलुंडला बायकांची मीटिंग असेल तर कृपया वेळ कळवा. सातच्या आत असेल तर बरं, सात वाजता मुलाचा अभ्यास असतो.