शब्दचर्चा : वैशिष्ट्य, वेगळेपण आणि व्यवच्छेदक लक्षण

प्रश्न

आमच्या तालुक्यातील एका सहकारी पतसंस्थेचे माहितीपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्याच बाजारपेठेत आणखी काही पतसंस्था आणि सहकारी बँकाही आहेत, आणि प्रत्येकीच्या पत्रकावर 'अग्रगण्य', 'विश्वासार्ह', 'आगळीवेगळी', 'तत्पर व विनम्र सेवा' हेच शब्द आढळतात. संस्थेचे नाव झाकले तर पत्रक कोणाचे हे सांगता येणार नाही. प्रतिस्पर्ध्यांमध्ये एखादी संस्था ज्या गुणामुळे उठून दिसते, त्या गुणाला 'वैशिष्ट्य' म्हणणे पुरेसे आहे का? संचालक मंडळ त्याला 'यूएसपी' (युनिक सेलिंग प्रपोझिशन) म्हणते. मला नेमका मराठी शब्द हवा आहे.

प्रतिसाद

'वैशिष्ट्य' या शब्दाचा मूळ अर्थ आपल्याला हवा तोच आहे, परंतु रूढ वापरात तो झिजून 'सांगण्याजोगा गुण' एवढाच उरला आहे. 'आमची वैशिष्ट्ये' या मथळ्याखाली संगणकीकृत कामकाज, लॉकरची सोय आणि सोनेतारण कर्ज यांची यादी छापली जाते, आणि या सर्व सोयी शेजारच्या संस्थेतही असतात. आपल्याला अभिप्रेत असलेल्या गुणासाठी मराठीत 'व्यवच्छेदक लक्षण' हा शब्दप्रयोग आहे. व्यवच्छेद म्हणजे तोडून वेगळे करणे. जे लक्षण एका वस्तूला बाकी सर्व वस्तूंपासून वेगळे काढते, ते व्यवच्छेदक.

न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत आणि त्यासाठी गाईचे उदाहरण घेतले आहे. 'शिंगे असणारी ती गाय' असे म्हटले तर म्हैसही त्यात येते, ही अतिव्याप्ती. 'कपिल (पिंगट) रंगाची ती गाय' म्हटले तर पांढरी गाय वगळली जाते, ही अव्याप्ती. 'एक खूर असणारी' म्हटले तर कोणतीच गाय त्यात बसत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी हे तिचे निर्दोष लक्षण मानले गेले. आपल्या समोरची पत्रके याच कसोटीवर तपासावीत असे मी आग्रहाने सुचवेन. 'विश्वासार्ह' हा शब्द अतिव्याप्तीचा नमुना आहे, कारण ठेवी स्वीकारणारी कोणती संस्था स्वतःला अविश्वासार्ह म्हणेल? 'एका तासात सोनेतारण कर्ज' ही सोय मुख्य कार्यालयातच मिळत असेल आणि शाखांमध्ये दोन दिवस लागत असतील, तर ती अव्याप्ती झाली. आणि दुपारी काउंटर बंद ठेवणाऱ्या संस्थेने 'अखंड सेवा' असे लिहिणे हा उघड असंभव आहे.

'अग्रगण्य' या शब्दाबद्दलही माझा आक्षेप आहे. अग्रगण्य म्हणजे मोजताना ज्याचे नाव प्रथम येते तो. हा क्रम सांगणारा शब्द आहे, वेगळेपण सांगणारा नाही, आणि एका गावात तो पाच पाट्यांवर असेल तर त्यातून वाचकाला काहीच कळत नाही.

प्रतिसाद

तर्काच्या दृष्टीने वरील विवेचन मान्य आहे, परंतु सभासदांच्या हाती पडणाऱ्या पत्रकात 'व्यवच्छेदक लक्षण' हा शब्द जड वाटेल. तेथे 'वेगळेपण' किंवा बोलण्यातला 'खासियत' हा शब्द चालावा. 'वेगळी ओळख निर्माण करणे' हा वृत्तपत्री प्रयोग मात्र टाळावा. मराठीत नाव होते, लौकिक मिळतो, पत राहते किंवा जाते. या सर्व प्रयोगांत निर्णय समाजाच्या हाती आहे. 'पतसंस्था' या शब्दातच पत असताना ती आपण स्वतः 'निर्माण' केली असे सांगणे मला खटकते.

प्रतिसाद

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ याचे कलम ९ येथे उपयोगी पडेल. जे चिन्ह एकाचा माल किंवा सेवा दुसऱ्यापासून वेगळी ओळखू देत नाही, किंवा जे केवळ मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग अशा गोष्टी सांगणाऱ्या शब्दांचे बनलेले आहे, त्याची नोंदणी नाकारली जाते. मात्र प्रत्यक्ष वापरामुळे त्याला वेगळेपण प्राप्त झाले असेल तर अपवाद होतो. या अपवादाचा अर्थ समजण्यासाठी 'लिज्जत' हे नाव पाहावे. तो गुजराती शब्द आपल्या 'लज्जत'चा सख्खा भाऊ आहे, आणि त्याचा अर्थ चव एवढाच. तरीही आज तो उच्चारताच एकच संस्था डोळ्यांसमोर येते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन ती सुरू केली. पापड तर अनेक जण करतात. पापड लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक आहे आणि नफ्यातोट्याची वाटेकरी आहे, हे तिचे वेगळेपण आहे.

पतसंस्थांच्या पत्रकातील 'सुरक्षित ठेव' या शब्दांविषयीही लिहिणे आवश्यक वाटते. फेब्रुवारी २०२० पासून लागू असलेले पाच लाख रुपयांचे ठेव विमा संरक्षण सहकारी बँकांच्या ठेवीदारांना मिळते, पतसंस्थांच्या नाही. त्यामुळे पतसंस्थेने 'सुरक्षित' म्हणताना थकबाकीचे प्रमाण आणि गुंतवणूक कोठे आहे, हे त्याच पानावर द्यावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. चौकशी केल्यावर असे कळले की या संस्थेचा दैनंदिन ठेवीचा प्रतिनिधी पहाटे पाच वाजता भाजी मंडईत हजर असतो. हमाल आणि किरकोळ विक्रेत्या सौदे उरकताच त्याच्याकडे पैसे भरतात, कारण इतर संस्थांचे प्रतिनिधी सायंकाळी दुकानांच्या गल्ल्यांवर जातात आणि तोवर या मंडळींच्या हातातील रक्कम खर्च झालेली असते. मी असे वाक्य केले आहे : 'पहाटेच्या वेळी मंडईत ठेव संकलनाची सुविधा उपलब्ध करून देणारी एकमेव आगळीवेगळी संस्था.' हे योग्य होईल का?

प्रतिसाद

आशय उत्तम आहे. 'आगळीवेगळी' काढावे. 'एकमेव' हा शब्द वस्तुस्थितीचा दावा करतो, त्यामुळे तालुक्यातील अन्य सर्व संस्थांची खात्री केल्याशिवाय तो छापू नये. 'सुविधा उपलब्ध करून देणारी' याऐवजी साधे क्रियापद घ्यावे : 'आमचा प्रतिनिधी रोज पहाटे पाच वाजता मंडईत येतो आणि सौदे संपताच आपली ठेव जागेवरच स्वीकारून पावती देतो.' पावती खरोखरच जागेवर मिळते का, हे मात्र एकदा मंडईतच विचारून घ्यावे.