मदत हवी आहे: आठ दिवस घर बंद, मांजर घरात, एसीचं काय करू?

मे महिन्यात आठ दिवस कोकणात जातोय. पुण्यात धायरीत वरच्या मजल्यावर, पश्चिमेकडचा फ्लॅट. दुपारी चारला भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मांजर घरीच राहणार (प्रवासात ती आख्खी गाडी डोक्यावर घेते). शेजारच्या काकू सकाळ-संध्याकाळ खाणं-पाणी बघतील, पण रिमोटच्या भानगडीत त्यांना पाडायचं नाहीये.

एसी दीड टनी इन्व्हर्टर स्प्लिट, वायफाय नाही. रिमोटचा टायमर एकदाच चालतो, रोज आपोआप लागत नाही. एमसीबी (बोर्डावरचा एसीचा मेन स्विच) पाडून पुन्हा चढवून बघितला: एसी आपला आपण सुरू झाला, सेटिंगही तेच राहिलं. म्हणजे गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली तरी निभावेल. स्मार्ट प्लगने चालू एसीचा सप्लाय रोज तोडणं मला पटत नाही. पडदे आहेतच, गच्चीला पांढरा रंग द्यायला सोसायटी तयार नाही.

आता दोनच पर्याय दिसतात: ३० वर दिवसरात्र चालू ठेवणं, किंवा वायफायवरचा आयआर रिमोट (ठरल्या वेळी एसीला रिमोटसारखा सिग्नल देणारी छोटी डबी) बसवून दुपारी १२ ते ७ लावणं. लाइट जाऊन आल्यावर तो रिमोट आपोआप वायफायला जोडला जातो का, आणि ठरलेली वेळ पाळतो का? कुणी प्रत्यक्ष वापरलाय?