मदत हवी आहे: शहराचा बांध फुटला तर पहिल्या काही तासांत भगदाड कसं अडवायचं?

नमस्कार मंडळी, नदीच्या पातळीखाली वसलेल्या वस्तीला वाचवणारा मातीचा बांध रात्रीत फुटला तर काय करायचं, याची टिपणं आमचा स्वयंसेवकांचा ग्रुप तयार करतोय आणि मी एका जागी अडकलोय. धरणं, कालवे, बंदरं यावर काम केलेल्यांनी प्लीज लिहा.

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो दगड-वाळू ओतायचा. पण पाण्याचा वेग दुप्पट झाला की दगड जागेवर टिकायला त्याचं वजन साधारण 64 पट लागतं, म्हणजे ट्रकच्या ट्रक रिकामे केले तरी माल वस्तीच्या बाजूलाच वाहून जाणार. 2005 मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालव्याची भिंत फुटली तेव्हा हेलिकॉप्टरमधून टनाहून जड पोती टाकली, तरी कित्येक दिवस गेले आणि तोवर शहरातलं पाणी बाहेरच्या तलावाच्या पातळीला येऊन थांबलं होतं. तेव्हा भगदाड बुजवून नवं पाणी अडणार कुठलं! म्हणून मी पहिल्या तासांबद्दलच विचारतोय.

जिथे जमलं तिथे जहाजाने जमलंय असं दिसतं. 1 फेब्रुवारी 1953 ला रॉटरडॅमजवळ बांध खचला तेव्हा आरी एव्हेग्रून या नावाड्याने आपलं मालवाहू जहाजच भगदाडात घातलं आणि प्रवाहानेच ते बांधाला दाबून धरलं. 1998 च्या ऑगस्टमध्ये चीनच्या जिउजियांग शहरात यांगत्से नदीचा बांध फुटला, तिथे कोळशाचा बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट) समोर बुडवून आधी पाण्याचा जोर मोडला, मग आडोशाने भराव टाकत पाच दिवसांत तोंड बंद केलं.

यावरून मला वाटतं की आधी भगदाडाची दोन्ही टोकं धरायला हवीत, कारण ते रुंदावतं तिथूनच, आणि मग नेमक्या भोकात न शिरता नदीच्या बाजूने थोडं लांबून, जिथे ओढ कमी आहे तिथून, अर्धगोल आडोसा करायचा. बरोबर आहे का हे? टोकांना जाळीत भरलेले दगड टिकतील की पोती साखळीने एकत्र बांधावी? जिथे बार्ज पोचत नाही तिथे दगड भरलेले कंटेनर चालतील का, की अर्धवट भरलेले तरंगत जाऊन खालचा पूल तोडतील, ही मला खरी भीती आहे. आणि भिजलेला बांध क्रेनचं वजन सोसेल का?

प्रतिसाद:
टोकं आधी, हे अगदी बरोबर. क्रेन मात्र फुटलेल्या कडेला नेऊच नका, ती माती आतून सुटलेली असते. आणि बाकीच्या बांधावर माणसं फिरती ठेवा, कारण सगळे एका भगदाडापाशी जमतात आणि दुसरीकडे फुटतं. बांधाच्या मागच्या, म्हणजे वस्तीकडच्या, पायथ्याशी पाणी उकळल्यासारखं वर येऊन रेती टाकत असेल तर ते तोंड बंद करू नका, भोवती पोत्यांचं गोल कडं करून आत पाणी चढू द्या, रेती थांबून नितळ पाणी येईपर्यंतच. पोती अर्धी ते दोन तृतीयांश भरा, ठासून भरली की फटी राहतात. तुमच्याकडे नदी किती खोल आहे आणि बांधावर रस्ता आहे का ते सांगा, मग कंटेनरचं बोलू.