नोव्हेंबरात खाडीच्या चिखलावर साफसफाई मोहिमा नकोत (हो, मुद्दामच असं लिहिलंय)

भांगाची_भरती
आधीच सांगतो, मी कचऱ्याच्या बाजूने नाहीये. पण गेल्या रविवारी जे बघितलं त्यावर बोलायलाच हवं. भांडुपकडून ठाणे खाडीच्या काठाला सकाळी साडेसातला दुर्बीण लावून बसलो होतो, पाणी मस्त उतरलेलं, समोर गॉडविटचा (लांब चोचीचे, चिखलात खाणारे पाहुणे पक्षी) थवा, दोनेकशे तरी असतील, चोच पार डोळ्यापर्यंत चिखलात खुपसून खात होते आणि त्यांच्या पायात लिटल स्टिंट, चिमणीएवढा जीव, शिवणाच्या मशीनची सुई चालावी तसा टकटक टकटक. तेवढ्यात सत्तर-ऐंशी जण आले, सगळे एकाच रंगाच्या टीशर्टात, बॅनर, शिट्ट्या आणि वर एक ड्रोन. थवा उठला, बसला, परत उठला. पाऊण तासात सात वेळा मोजलं मी. शेवटी कंटाळून ऐरोलीच्या बाजूला निघून गेले.

हे पक्षी सैबेरिया वगैरेकडून हजारो किलोमीटर उडून येतात, आल्यावर अंगावर काही उरलेलं नसतं आणि खायला मिळतं ते फक्त चिखल उघडा असतो तेवढे तास. त्यातलाच वेळ आपण खातो. मोहिमा करा, पण नोव्हेंबर-डिसेंबरात चिखलाच्या तोंडाशी नको. एवढंच म्हणणं आहे.

ऐरोलीकर_ताई
दादा, मी शाळेत शिकवते आणि दरवर्षी नववीची पोरं घेऊन अशाच मोहिमेला जाते, त्यामुळे हे जरा लागलंच. पावसाळ्यात खाडी सगळं प्लास्टिक आणून टाकते, मग गणपती-नवरात्र होतं, म्हणजे कचरा सगळ्यात जास्त दिसतो तो दिवाळीनंतरच. तिवरांच्या (खारफुटीच्या) श्वसनमुळांना दुधाच्या पिशव्या गुंडाळलेल्या असतात, त्या मुळांनीच झाड हवा घेतं ना? आम्ही नाही काढायच्या तर कोणी काढायच्या? आणि सात वेळा उडाले म्हणता, तर ससाणा आला की त्याहून जास्त उडत असतील. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पिशवी भरता भरता पहिल्यांदा फ्लेमिंगो बघितला, आता ती दर रविवारी बापाला गाडी काढायला लावते. हे तुमच्या मोजणीत कुठे बसतं?

गॉडविट_भक्त
ताई, ससाणा पाच मिनिटात जातो, माणसं तीन तास थांबतात. शिवाय तिवराचं बी पावसाळ्यात पडतं, नोव्हेंबरात त्याची वीतभर रोपं उभी असतात, चार पानांची. सत्तर जणांचे गमबूट त्यावरून गेले की पिशव्या निघाल्या पण पुढचं जंगलही निघालं.

स्पष्टच_बोलतो
कमाल आहे राव. २०१५ ला या खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ ला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, आणि तरी नाल्यातून सांडपाणी येतंय ते येतंच आहे. शिवडीच्या चिखलावरून अटल सेतू गेला. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून ३९ फ्लेमिंगो मेले. ह्या सगळ्यावर चार ओळी लिहायच्या सोडून तुम्ही पकडलं कोणाला, तर फुकटात कचरा वेचणाऱ्यांना!! गरीब गाय सापडली.

भांगाची_भरती
स्पष्ट साहेब, त्यावरही लिहितो, पण पुलाखालून पक्षी परत आणणं माझ्या हातात नाही, रविवारची वेळ बदलणं आहे. आणि बोललं तर बदलतं हो कधीकधी, बुलेट ट्रेन खाडीवरून न जाता सात किलोमीटर खाडीखालच्या बोगद्यातून चाललीय ती याच अभयारण्यामुळे.
सांडपाण्याचं म्हणाल तर गंमत अशी की त्या मैल्यावरच शेवाळ माजतं आणि लहान फ्लेमिंगो (पिल्लू नव्हे, लेसर फ्लेमिंगो ही जात) तेच खातो. म्हणजे 'खाडी स्वच्छ' म्हणजे नक्की काय, हाच मोठा वाद आहे. तो इथे नको, धागा भरकटेल.
ताई, तुमच्या मुलीचं वाचून खरंच बरं वाटलं. पण मग ओहोटीऐवजी भरतीला या ना, तेव्हा चिखलावर कोणी खात नसतं.

गॉडविट_भक्त
इथे मात्र तुम्ही चुकताय. भरतीला तेच पक्षी आत पाणथळीवर येऊन बसतात, भांडुप पंपिंग स्टेशनची तळी, नेरूळकडची तळी, उरणचं पाणजे. तिथे ते दाटीवाटीने, एका पायावर, चोच पाठीत घालून झोपलेले असतात. बांध बरेचदा हाकेच्या अंतरावर. तिथून उठवलं तर जायला दुसरी जागाच नाही, पाणी उतरेपर्यंत हवेत घिरट्या. भरतीला पोरं आणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

ऐरोलीकर_ताई
म्हणजे ओहोटीला नको, भरतीला नको. सरळ सांगा ना येऊच नका म्हणून. आणि हातभर लांब लेन्स घेऊन चिखलात पोटावर सरपटणारे येतात त्यांचं काय? की फोटोला पक्षी घाबरत नाही? बोटीतून सीगलना शेव-गाठिया टाकणारे तर वेगळेच, तिथे सगळे 'वॉव' करतात.

भांगाची_भरती
लेन्सवाल्यांचं शंभर टक्के मान्य. मीही एकदा सरपटलोय, लाज वाटते. भरतीचं मी चूक बोललो, तेही मान्य. चिखलाचं मात्र सोडत नाही.

कोळीवाड्यातून
सगळं वाचलं. आमचं आजोबांपासून या खाडीत जाळं आहे, आता बोय कमी, निवट्या आणि चिंबोरी त्यातल्या त्यात. मी रोज पक्ष्यांच्या बाजूने होडी काढतो, ते मान वर करतात आणि परत खाली घालतात. कारण होडी सरळ जाते, थांबत नाही, ओरडत नाही. माणूस उभा दिसला, त्यात घोळका, की उडतात. माझे वडील चिखलात उतरले की फळीवर एक गुडघा टेकून दुसऱ्या पायाने रेटत जायचे, ते उभेच राहायचे नाहीत.
आता तुमच्या रविवारचं. तुम्ही लोक पुनवेच्या नाहीतर अवसेच्या जवळचा रविवार धरता, कारण तेव्हा सकाळी सात-आठला पाणी लांब गेलेलं असतं, चालायला मोकळं. पक्ष्यांची पंगत पण तेव्हाच. त्यापेक्षा अष्टमीचा भांग धरा, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी असतो ते दिवस. भांगाचं पाणी बांधाकडच्या तिवरात चढतच नाही, तिथला कचरा दोन-तीन दिवस कोरडा पडलेला असतो आणि पिशवी पण हलकी लागते. पक्षी पार पलीकडे पाण्याच्या कडेला, मधे आख्खं जंगल, त्यांना तुम्ही दिसत पण नाही. खरा कचरा पण बांधाकडेच असतो, थर्माकोल, चपला, देवाचे फोटो. तोंडाशी जाता ते बॅनरच्या फोटोसाठी, खरं सांगा.

ऐरोलीकर_ताई
फोटोचं खोटं नाही बोलणार, आयोजकांना समोर पाणी लागतं. पण शाळेच्या परवानग्या रविवारच्याच मिळतात, अष्टमी बुधवारी आली तर काय करू?

कोळीवाड्यातून
अष्टमीच्या मागचा-पुढचा एक दिवस पण चालतो. महिन्यातून दोन अष्टम्या, मार्चपर्यंत एखादी तरी रविवारला टेकेलच. कॅलेंडर घेऊन बसा.

स्पष्टच_बोलतो
आणि नाल्याच्या तोंडाला जाळी लावायचं कोणी बोलणारच नाही का?

भांगाची_भरती
बोलू. ताई, रविवार सापडला की इथेच टाका, मी येतो पोती घेऊन. बांधाकडच्या तिवरातच राहायचं, शिट्टी नाही, ड्रोन नाही.

कोळीवाड्यातून
आणि गमबूट नको. आत पाणी गेलं की चिखल बूट ठेवून घेतो, मागच्या वर्षी तीन आम्हीच उपसून दिले, सगळे डाव्या पायाचे.