मदत हवी आहे: गॅरेजमधल्या ऑइलचे जुने डाग निघत नाहीत (अर्जंट)

राजारामपुरी_नववी
नमस्कार मंडळी. गॅरेजमध्ये खाली ऑइल आणि ग्रीसचे डाग आहेत, जुने, पार काळे पडलेत. धुण्याची पावडर टाकून घासलं, गरम पाणी ओतलं, रॉकेलपण मारून झालं, वरचा चिकटा गेला पण काळं हाय तसंच. ओलं असेपर्यंत बरं दिसतंय आणि वाळलं की डाग परत वर. पुढच्या आठवड्यात जागा तयार पाहिजे. कोल्हापुरात काय मिळतं आणि कुठं तेवढं सांगा, लवकर प्लीज.

स्पॅनर_१४
खाली काय आहे पण? टाइल्स, शहाबादी का कोबा? ते सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

बुलेटवाला_कागल
ऑइल गळतंय म्हणजे ड्रेन प्लगचं वॉशर गेलंय, नवीन टाका, पन्नासभर रुपयांचं काम आहे. गाडी कुठली?

राजारामपुरी_नववी
गाडी नाही हो तिथं आता. काकांचं टू-व्हीलर रिपेअरिंगचं गॅरेज होतं, बंद केलं. साधा सिमेंटचा कोबा आहे.

शिरोली_शिफ्ट
मग कॉस्टिक सोडा. आमच्याकडं पार्ट धुवायला गरम कॉस्टिकची टाकी असते, काळाकुट्ट पार्ट चकाचक बाहेर येतो. बादलीत कालवा, ओता, घासा, विषय संपला.

तिकटी
कॉस्टिक कशाला, बाथरूमचं अ‍ॅसिड मारा. फस्स करून फेस आला की समजायचं डाग निघाला. आमच्या अंगणात तसंच केलं होतं.

केमिस्ट्रीच्या_मॅडम
अ‍ॅसिड अजिबात नको. तो फेस येतो तो सिमेंट खाल्लं जातंय म्हणून, तेलाला अ‍ॅसिड काही करत नाही. उलट कोबा खरखरीत होतो आणि पुढचं तेल आणखी आत जातं. आणि अ‍ॅसिडवर कुणी ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू होतो, बंद खोलीत जीवावर बेतेल. कॉस्टिकचं म्हणाल तर खायच्या तेलाचा त्यानं साबण होतो, इंजिन ऑइल खनिज तेल आहे, त्याचा होत नाही.

शिरोली_शिफ्ट
मॅडम, पुस्तकात नसंल होत, आमच्याकडं रोज निघतंय.

केमिस्ट्रीच्या_मॅडम
निघतं, कारण तुमची टाकी गरम असते, पार्ट तासन्‌तास त्यात बुडालेला असतो आणि वर घासणीही होते. शिवाय लोखंडाच्या अंगात तेल मुरत नाही, कोब्याच्या मुरतं. घरी उघड्या हातानं कॉस्टिक कालवायला सांगू नका, कातडी भाजते, डोळ्यात उडालं तर डोळा जातो.

स्पॅनर_१४
बरोबर हाय. मुरलेलं तेल वरनं घासून येत नाही, ओढून काढावं लागतं. रंगाच्या दुकानातनं चॉक पावडर आणि टर्पेंटाइन आणा, लक्ष्मीपुरीत मिळंल. थालीपीठाच्या पिठाएवढं घट्ट कालवायचं, डागावर बोटभर जाड थापायचं, वर प्लास्टिक टाकून कडा चिकटपट्टीनं बंद. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून वाळू द्यायचं आणि खरवडायचं. पावडर पिवळी-तपकिरी झाली म्हणजे तेल वर आलं. जुन्या डागाला एकदा लावून भागत नाही. त्यानंतर डीग्रीजर (ग्रीस-तेल काढायचं लिक्विड) टाकून नायलॉनच्या कडक ब्रशनं घासा. तारेचा ब्रश नको, तारा तुटून राहतात आणि गंजाचे ठिपके पडतात. टर्पेंटाइन पेट घेतं, शटर पूर्ण उघडं, बिडी-काडी लांब. पेट्रोल तर चुकून पण नको, त्याची वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि कुठंतरी ठिणगी सापडतेच.

रंकाळ्याकाठी
खरवडलेलं आणि धुतलेलं गटारीत सोडू नका कृपा करून. आधी भुसा टाकून टिपा, झाकणाच्या डब्यात भरा आणि जुनं ऑइल घेणाऱ्याला विचारा. गटार शेवटी पंचगंगेलाच जाते.

पूरग्रस्त_शाहूपुरी
२०१९ च्या पुरात आमच्या दुकानात पाण्याबरोबर ऑइल आलं, भिंतीवर कमरेएवढी काळी रेघ आहे, रंग दिला तरी आतनं फुटून येते. त्याला काय करावं?

स्पॅनर_१४
तुम्ही वेगळा धागा काढा, फोटोसकट. @राजारामपुरी_नववी, जागा कशासाठी पाहिजे ते सांगितलंच नाहीसा.

राजारामपुरी_नववी
बायकोचा शिवणक्लास. बायका खाली बसून कापड कापणार, दुसऱ्याच्या लग्नातल्या साडीला डाग लागला तर काय सांगायचं? म्हणून वर इपॉक्सी, म्हणजे जमिनीवर लावायचा तो कडक रंग, मारायचा विचार आहे.

स्पॅनर_१४
अहो हे पहिल्यांदा सांगायचं की! तेलावर इपॉक्सी धरतच नाही, पापुद्रे निघतात. डागावर पाण्याचे थेंब टाका. मोत्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आहे, कोब्यानं पिऊन टाकले तर झालं.

केमिस्ट्रीच्या_मॅडम
ओलसुद्धा बघा. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटवून निदान १६ तास ठेवा. खाली घाम धरला तर खालनं ओल येतेय, तेव्हा रंग लावू नका.

तिकटी
एवढं करण्यापेक्षा टाइल्स घाला.

स्पॅनर_१४
तेलकट कोब्यावर टाइलचा माल तरी कुठं धरतोय? छिन्नीनं कोब्याला टाचे मारावे लागतील, म्हणजे खर्च दुप्पट. घाई असेल तर क्लास सतरंजीवर चालू करा, खाली जाड प्लास्टिक अंथरून. इपॉक्सी निवांत मारा.

राजारामपुरी_नववी
लेप लावला. शटरजवळचे डाग बरेच फिके झाले, तिथं पाणी मुरतंय. स्टँडच्या जागी अजून थेंब उभे राहतात, तिथं परत थापलाय. सतरंजीचं बायकोला पटलं. मॅडम आणि स्पॅनरभाऊ, आभारी आहे.

बुलेटवाला_कागल
क्लासची फी काय ठेवणार? बहिणीला ब्लाऊज शिकायचाय, संध्याकाळची बॅच असेल तर सांगा.