मदत हवी आहे: घरात मोठ्यानं सांगता येईल अशी फँटसी मालिका

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातला, कामाला बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत. गेल्या पावसाळ्यात घरी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग संपले. मुलगी नववीत, इंग्लिश मीडियमला. ती वाचणार, अडलं तिथं मी डिक्शनरी काढणार, आणि रात्री जेवणं झाली की तेवढा भाग मी आईला मराठीत सांगणार. आईला आता बारीक अक्षर दिसत नाही. त्यातला सॅम आपल्या मालकाला, फ्रोडोला, पाठुंगळी घेऊन डोंगर चढतो, तिथं तिचा वाती वळायचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, चपला काढायच्या आत विचारलं, “पोचला काय रे तो वर?”

आता पुढं काय घ्यावं ते ठरेना.

‘साँग ऑफ आइस अँड फायर’ नको. पाचवा भाग २०११ला आला, पुढचा अजून नाही, आणि मुलीसोबत वाचण्यासारखंही ते नाही. ‘व्हील ऑफ टाइम’ पूर्ण आहे. मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ला गेले, शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसननी लिहून २०१३ला मालिका संपवली. पण भाग चौदा, आणि आईचं वय अठ्ठ्याहत्तर. अर्ध्यावर राहील असं काही मला सुरूच करायचं नाही.

उरल्या दोन. अर्सुला ली ग्विनची ‘अर्थसी’, पहिला भाग १९६८चा, लहानसा. त्यात वस्तूचं खरं नाव ज्याला ठाऊक, त्याची तिच्यावर सत्ता चालते. आई माळकरी आहे. नामात शक्ती असते हे तिला समजावायला लागणार नाही. दुसरी सँडरसनचीच ‘मिस्टबॉर्न’, पहिले तीन भाग २००६ ते २००८. त्यात माणसं धातू गिळतात, तो पोटात जाळून ताकद मिळवतात. भट्टीवर उभं राहून घरी येणाऱ्या माणसाला हे सांगायला किती आवडेल, तुम्हीच बघा.

ज्यांनी दोन्ही वाचल्यात त्यांनी सांगा: चौदा वर्षांच्या मुलीला ‘मिस्टबॉर्न’मधली मारामारी जड जाईल काय? ‘अर्थसी’चं इंग्रजी तिला झेपेल का? आणि तोंडी सांगताना कुठली जास्त रंगते? रोज अर्ध्या तासात एक प्रसंग पुरा व्हायला हवा, नाहीतर आईला झोप लागत नाही.

जूनच्या आत पुस्तक घरात हवं. एकदा पाऊस लागला की आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नाही.