कोल्हापूरच्या मालाला बंदर कुठलं: जयगड की न्हावाशेवा?

शिरोलीनाका
शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतलं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, परदेशी जातं ते बहुतेक मुंबईजवळच्या न्हावाशेव्याहून. अंतर 380 किलोमीटरच्या घरात. आंबा घाट उतरून हातखंबा-निवळीमार्गे रत्नागिरी जिल्ह्यातलं जयगड 160च्या आसपास. रिकामा कंटेनर बंदराकडच्या यार्डातून आणायचा, कारखान्यात भरायचा, सील करून परत न्यायचा. न्हावाशेव्यासाठी साडेसातशे किलोमीटर चाक फिरतं, त्यातलं निम्मं रिकाम्या डब्यासाठी. जयगड 2009 पासून चालू आहे. ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध आहे, त्यामुळं पावसाळ्यातही जहाज लागतं, आणि खोली केपसाइझला, म्हणजे अवाढव्य मालवाहू जहाजांना पुरते. तिथं कंटेनर धक्का मागायला कोल्हापूरनं आता जोर लावायलाच पाहिजे.

कटऑफ
खोलीचा प्रश्नच नाही दादा. तिथं केपसाइझ लागतात ती कोळशाची आणि खनिजाची. मोठा वाटा शेजारच्या 1200 मेगावॉट वीज प्रकल्पाचा, आणि लहान जहाजांतून धरमतरमार्गे डोलवीच्या पोलाद कारखान्याचा. कंटेनरचं गणित रिकाम्या डब्यावर चालतं. आयातदारानं माल उतरवून घेतला की तोच डबा निर्यातीला मिळतो. जयगडच्या मागं एवढी कंटेनर आयात आहे कुठं? मग रिकामे डबे मुंबईहूनच आणायचे, आणि तो खर्च आपल्याच भाड्यात येणार.

दुसरं, न्हावाशेव्यात एक जहाज हुकलं तर त्याच दिशेचं दुसरं काही दिवसांत मिळतं. आठवड्यातून एकदा येणारं फीडर, म्हणजे मोठ्या बंदराला डबे पोचवणारं लहान जहाज, हुकलं तर डबा आठ दिवस धक्क्यावर, आणि पुढच्या मोठ्या बंदरात परत एकदा उतरवणं-चढवणं. पार्टची तारीख ठरलेली असते, गिऱ्हाईक थांबत नाही.

घाटवाट
दोघंही घाट विसरलात. 25 टन कास्टिंग म्हणजे भरीव लोखंडाचे जेमतेम साडेतीन घनमीटर, आणि वीस फुटी डब्यात जागा 33. मोकळी जागा भरपूर, म्हणून पॅलेटला लाकडी ठोकळे ठोकून, पट्टे आवळून अडवावं लागतं. नाहीतर उतारावर माल पुढं सरकतो आणि सगळा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो. आंबा घाटात भरलेली गाडी उतरणार असते. लहान गिअर सोडून ब्रेकवर गाडी धरली की ड्रम तापतात आणि ब्रेक पकडेनासे होतात. जुलै 2021 मध्ये दरडी कोसळून रस्ता खचला तेव्हा अवजड वाहतूक बंद ठेवावी लागली होती. आधी घाट, मग धक्का.

उसाचं_राजकारण_नको
कंटेनर सोडा, साखर बघा की. 50 किलोची पोती थेट जहाजात भरायला रिकामा डबा लागत नाही. 25,000 टनांचं जहाज धरा: 5 लाख पोती, 25 टनी हजार ट्रक. दिवसाला 2,000 टन चढले तर बारा-तेरा दिवस. पावसाची सर आली की हॅच, म्हणजे जहाजाच्या कोठाराचं तोंड, झाकायची, पोतं भिजलं तर साखर गोळा होते. पण गाळप हंगामच ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, त्यामुळं बहुतेक काम कोरड्या महिन्यांत बसतं. अट एकच, कोळशाच्या धुळीपासून लांब, स्वतंत्र गोदाम आणि धक्का हवा.

कटऑफ
हे पटतं, पण अर्धंच. 2022 पासून साखर निर्यात परवानगीशिवाय होत नाही, आणि 2023-24 हंगामात ती मिळालीच नाही. तेवढ्यासाठी स्वतंत्र गोदाम कोण बांधून ठेवेल?

शिरोलीनाका
साखरेसोबत येणाऱ्या मालाचा विचार करा. त्याच गोदामात परतीला खत उतरवता येईल. गाडी दोन्ही वेळा भरलेली. आणि कोल्हापूर-वैभववाडी हा 107 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 2016-17 च्या अर्थसंकल्पात मंजूर झालेला आहे, तो झाला तर घाटाचा प्रश्न सुटतो.

घाटवाट
एकाच गोदामात खत आणि साखर? अजिबात नको. युरियाचा वास आणि ओल पोत्यात उतरते, अख्खा लॉट नाकारला जाईल. आणि वैभववाडीला कोकण रेल्वे मिळाली तरी बंदराच्या धक्क्यापर्यंत रूळ कुठं आहेत? शेवटच्या टप्प्याला ट्रकच लागणार, म्हणजे एक जादा चढउतार.

कटऑफ
रेल्वेच हवी तर मिरजेकडून न्हावाशेव्याला कंटेनर गाडी मागा. 45 वॅगनचा रेक, म्हणजे एक अख्खी मालगाडी, वीस फुटी 90 डबे. अडचण एवढीच की 90 डबे एकाच कटऑफला (जहाजासाठी डबे स्वीकारायची शेवटची वेळ), व्हीजीएम वजनासह (भरलेल्या डब्याचं तपासलेलं एकूण वजन) तयार पाहिजेत. तिन्ही वसाहतींनी एकत्र बुकिंग केलं तरच ते जमेल.

शिरोलीनाका
एकत्र बुकिंगला माझी ना नाही. पण खत-साखरेला दोन वेगळी गोदामं धरून जयगडची मागणी मी सोडत नाही. साखरेची परवानगी नसलेल्या वर्षी दुसरं गोदाम कशानं भरायचं, तेवढं ज्याला सुचेल त्यानं इथं मांडावं.